डाव्या दारावरची धूळ

मला फक्त वाचायचं होतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण या प्रकरणाची आमच्या हिच्याकडची हकिगत तुमच्या कानावर आली असेल, तर तिच्यात मी रुमाल परजत लॉरीवर चाल करून गेलो असं वर्णन आहे. तसं काही झालेलं नाही. मी लॉरीशेजारी गुपचूप उभा होतो, दारावरच्या धुळीतून एका अक्षराचं टोक दिसत होतं, आणि ते अक्षर वाचायचं असं मी ठरवलं. माझ्या आयुष्यातल्या बऱ्याच निर्णयांच्या मानानं हा अगदी साधा निर्णय होता.

माझं काम काय ते सांगतो, म्हणजे निदान अर्धी तरी माफी मिळेल. मी एका मोठ्या कचेरीत रेकॉर्ड रूमचा कारकून आहे. तळघरात चौदा रॅक, रॅकवर फायली, फायलींवर धूळ. वरच्या मजल्यावरून कुणीतरी फायलीचा नंबर पाठवतं. मी जातो, फाईल ओढतो, रुमालानं पुठ्ठा पुसतो, नंबर वाचतो. दिवसातून साठ-सत्तर वेळा, अशी बावीस वर्षं. हाताच्या हे इतकं अंगवळणी पडलंय की धूळ दिसली की तो डोक्याला विचारायला थांबत नाही. (एकदा आमचे साहेब खुर्चीत डुलकी घेत होते आणि त्यांच्या कोटाच्या पाठीवर भिंतीचा चुना लागला होता. माझी बढती त्यानंतर दोन वर्षं लांबली, एवढंच सांगतो.)

लॉरी माझ्या सासऱ्यांची. तरुणपणी त्यांनी ती घेतली आणि विटा, लाकूड, लोकांची बिऱ्हाडं, जे मिळेल ते वाहिलं. पुढे मोठे ट्रक आले, हिला भाडं मिळेनासं झालं, तेव्हा एका संध्याकाळी त्यांनी ती घरामागच्या शेडमध्ये डाव्या भिंतीला खेटून लावली आणि दार ओढून घेतलं. त्याला एकतीस वर्षं झाली. विकली नाही, धुतली नाही, चालवली नाही. अधूनमधून जाऊन नुसते बघून यायचे.

सासरे आता अठ्ठ्याहत्तरचे. गुडघे गेले. माझ्या बायकोनं त्यांना आमच्याकडे राहायला आणायचं ठरवलं, घर विकलं गेलं, घराबरोबर शेडही गेली. आम्ही राहतो तिसऱ्या मजल्यावर. (सासऱ्यांनी एकदा जेवताना आमच्या जिन्याची रुंदी विचारली होती. मी हसलो. ते हसले नाहीत.) नव्या मालकाला शेड सोमवारी सकाळी रिकामी हवी होती, आणि लॉरीचं दुसरं काहीच जमत नसल्यामुळे सोमवारी सकाळी भंगारवाला गॅस कटर घेऊन यायचा होता.

मधे होता एक रविवार. त्या रविवारी शहराबाहेरच्या मोकळ्या मैदानात जुन्या ट्रॅक्टरांचं आणि लॉऱ्यांचं प्रदर्शन भरणार होतं, आणि वाहन संग्रहालयवाले आपल्या नव्या हॉलसाठी तिथून एक गाडी कायमची नेणार होते. कुठलीही नाही, ‘जशी सापडली तशी’ या वर्गातली. म्हणजे ज्या गाडीला धुणं नाही, रंग नाही, पॉलिश नाही. जी धूळ बसली ती बसली, जिथे कोळ्यानं जाळं केलं तिथे ते तसंच. हे वाचल्यावर सासऱ्यांनी पेपर खाली ठेवला आणि म्हणाले, "आपली याच वर्गात जन्मलीय."

ती धूळ मैदानापर्यंत कशी नेली हे एक वेगळंच प्रकरण आहे. लॉरी एका बुटक्या ट्रेलरवर चढवली. तिच्याभोवती लाकडी सांगाडा उभा करून वरून ताडपत्री ओढली, पण अशी की लॉरीला कुठे शिवायची नाही. पुढच्या गाडीत सासरे मागे तोंड करून बसले आणि अडीच तास धुळीवर नजर ठेवून होते. वाऱ्याची झुळूक आली की हात वर करायचे, की आम्ही थांबायचं. वाटेत बायको एकदा शिंकली, तर त्यांनी आपल्या एकुलत्या एक लेकीकडे जसं बघितलं, तसं मी लग्नाला इतकी वर्षं होऊनही तिच्याकडे बघू शकलेलो नाही.

मैदानात पोचल्यावर मात्र मी हरखून गेलो. मला यंत्रातलं काही कळत नाही, पण न कळणाऱ्या गोष्टी बघायला मला फार आवडतं. एका ट्रॅक्टरचं चाक माझ्या खांद्याएवढं होतं. दुसऱ्या एका ट्रॅक्टरवाल्यानं आधी इंजिनाचं डोकं स्टोव्हसारख्या ज्योतीनं दहा मिनिटं तापवलं, मग चक्क स्टिअरिंग उपसून काढलं, ते बाजूच्या जड चाकात खुपसून फिरवलं, आणि धप्, धप्, धप् करत यंत्र जागं झालं.

"आणि स्टिअरिंग परत बसवायचं राहिलं तर?" मी विचारलं.

"तर सरळ जायचं," तो म्हणाला.

एका लॉरीच्या दोन्ही अंगांना छोटे लोखंडी हात होते. वळायचं असलं की त्यातला एक हात टुणकन बाहेर यायचा. मी तो चार वेळा बाहेर काढायला लावला. एका लॉरीची केबिन सगळी लाकडाची, सुतारानं केलेली, दाराला घरच्या दारासारखी कडी. मी विचारत सुटलो होतो. हे कशाला, ते कशाला, हे फिरवलं तर काय होतं. लोक कौतुकानं सांगत होते. मला इतकं कौतुकानं कुणी काही सांगत नाही, त्यामुळे मी जास्तच विचारत होतो.

तेवढ्यात बायकोनं दंडाला धरून मला आमच्या लॉरीपाशी आणून उभं केलं.

"जावईबापू, तुम्ही इथंच थांबा," सासरे म्हणाले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, चेहऱ्यावर परीक्षेला निघालेल्या पोरासारखं टेन्शन. "आम्ही नोंदणी करून येतो. जमलं तर चहाही."

"कुणी टेकू नये, कुणी धक्का देऊ नये," बायको म्हणाली. "लक्ष ठेवा."

"आणि मी काय करू?"

"काहीही करू नका. तेवढं जमतं तुम्हाला."

ती दोघं गेली. मी काहीही करत नव्हतो. चांगली दहा मिनिटं काही केलं नाही. मग विचार केला, सगळ्यांनी ही लॉरी उजवीकडून बघितलीय. डावी बाजू एकतीस वर्षं भिंतीला लागून होती, ती कुणीच बघितली नसणार. जाऊन बघायला काय हरकत आहे. म्हणून मी वळसा घालून डावीकडे गेलो.

तिकडची धूळ दाट होती. भिंतीची ओल लागून ती साईसारखी जमली होती. आणि दाराच्या मधोमध, जिथे थोडी खपली उडाली होती, तिथे निळ्या रंगावर पिवळ्या रंगाचं एक वळण दिसत होतं. ब्रशनं काढलेलं. अक्षराचं टोक.

पुढचं मला नीटसं आठवत नाही. म्हणजे मी काय केलं ते आठवतं, करायचं कधी ठरवलं ते आठवत नाही. हात खिशात गेला, रुमाल बाहेर आला, आणि दारावर ‘मा’ दिसायला लागला.

‘मा’ म्हणजे काय असेल? माल? माणसं किती बसवावीत त्याचा आकडा? आणखी थोडं पुसलं. ‘मालक’. बरोबर आहे, म्हटलं, लॉरीवर मालक लिहितातच, आता पुढे सासऱ्यांचं नाव असणार. झालं समाधान, ठेवावा रुमाल खिशात. पण नजर पुढे गेली आणि तिथे नावाऐवजी ‘व’ होता.

आता तुम्हीच सांगा, ‘व’ वर कुणाला थांबता येतं का? ‘व’ म्हणजे पुढे आणखी कुणीतरी आहे. आमच्या रेकॉर्डमध्ये फायलींवर ‘अमुक व इतर’ असं लिहिलेलं असतं, आणि ते इतर कोण हे शोधण्यात माझी उमेदीची वर्षं गेलीयत. मालक आणि कोण? भागीदार? सासऱ्यांना भागीदार होता आणि आम्हाला कुणाला ठाऊक नाही? मी पुसलं. पुन्हा एक ‘मा’ निघाला.

‘मालक व मा’. मी दोन पावलं मागे सरून बघितलं, तेव्हा मला पहिल्यांदा एकूण दृश्य दिसलं. करड्या दाराच्या मधोमध चहाच्या ट्रेएवढा एक लखलखीत निळा तुकडा. आणि त्याच्या कडा वाकड्यातिकड्या. कडा निदान सरळ तरी कराव्यात म्हणून मी थोडं इकडे पुसलं, थोडं तिकडे पुसलं. ट्रे मोठा होत गेला.

"तुम्ही काय केलंत," मागून आवाज आला. बायकोच्या हातात चहाचे दोन कप होते. तो प्रश्न नव्हता.

"मी वाचत होतो."

"रुमालानं?"

"अगं, इथे ‘मालक व मा’ असं लिहिलंय. पुढे काय असेल ते..."

"उद्या भंगारवाला वाचेल पुढचं," ती म्हणाली. तिनं कप खाली गवतात ठेवले. मला वाटलं आता ओरडेल, पण ती ओरडली नाही, तिचे डोळे भरून आले होते. "बाबा तिथे तंबूत बसून सगळ्यांना सांगतायत, एकतीस वर्षांत बोटसुद्धा लागलेलं नाही म्हणून. पाऊण तासात परीक्षक येतील. काय सांगायचं मी त्यांना?"

बायको ओरडली की मला सवयीनं काहीतरी उत्तर सुचतं. ती रडायला लागली की काहीच सुचत नाही. मी रुमाल झटकून त्यातली धूळ परत दारावर पडते का ते बघितलं. (पडत नाही. ती शर्टावर पडते.)

"वहिनी, घाबरू नका," कुणीतरी म्हणालं. "अर्ध्या तासाचं काम आहे."

शेजारच्या जागेत एक ट्रॅक्टर उभा होता, त्याच वर्गातला. इतका धुळकट की त्याचा मूळ रंग कुठला ते सांगता येऊ नये. त्याचे मालक, गळ्यात मफलर घातलेले एक गोल, हसरे काका, सीटखालून एक पेटी ओढून काढत होते. पेटीतून त्यांनी पिठाची चाळणी काढली. मग फवाऱ्याची बाटली काढली. मग दाढीचा ब्रश.

मी आणि बायको त्या पेटीकडे बघत राहिलो.

"हे तुम्ही कायम बरोबर ठेवता?" मी विचारलं.

"प्रवासात कुठे कुठे उडते ना," काका म्हणाले. "मग थोडं टचिंग करावं लागतं."

"म्हणजे तुमच्या ट्रॅक्टरवरची धूळ..."

"धूळ खरीच आहे हो. फक्त तिथे मी नेऊन ठेवलीय."

भलत्या वेळी भलती गोष्ट शिकायची मला हौस आहे, त्यामुळे त्या संकटातही मी सगळी माहिती विचारून घेतली. धूळ तीन प्रकारची, काका म्हणाले. रस्त्याची जाड, गोदामाची मध्यम, आणि कपाटावरची सगळ्यात तलम. आमच्या दाराला गोदामाची लागेल, वरून किंचित कपाटावरची. आधी बाटलीतलं पाणी हलक्या हातानं फवारायचं. पाण्यात साखर.

"साखर कशाला?"

"धरून ठेवते. मध वापरून बघितला, पण तो उन्हात चकाकतो."

त्यांनी फवारलं, मी चाळणी धरली, बायकोनं ब्रशनं कडा मिसळल्या. काकांनी गाल फुगवून एकदोन फुंकरा मारल्या, मागे सरून एक डोळा मिटून बघितलं आणि विचारलं, "जाळं हवंय का? दोन आहेत माझ्याकडे." बायको नको म्हणाली. तिलाही कुठेतरी थांबायचं होतं.

दार पुन्हा करडं झालं. खरं सांगतो, पूर्वीपेक्षा बरं दिसत होतं. मी गवतातला गार झालेला चहा प्यायलो आणि उन्हात उभा राहून स्वतःवर खूश झालो. हा माझा जुना दोष आहे.

परीक्षक आले ते तिघं मिळून. पुढे परीक्षकबाई, पांढरे केस, गळ्यात दोरीला लावलेलं भिंग. जन्मभर मोटारी तपासण्याची नोकरी केलेली बाई, आणि अजून तशीच बघत होती. तिच्यामागे संग्रहालयाचे गृहस्थ, उंच, वाकलेले, काही न बोलणारे. आणि शेवटी आमचे सासरे, आपल्याच लॉरीकडे पाहुण्यासारखे येत.

बाईनं उजवी बाजू बघितली. भिंग लावून बघितली. टपाखाली पाखराचं जुनं घरटं होतं, ते बघून ती पहिल्यांदा किंचित हसली. "हे छान आहे," ती म्हणाली. सासऱ्यांचा श्वास मोकळा झालेला मला ऐकू आला. संग्रहालयाच्या गृहस्थांनी वहीत काहीतरी लिहिलं. मग सगळे वळसा घालून डावीकडे आले.

बाई दाराजवळ गेली आणि थांबली.

"इथे मुंग्या का आहेत?"

मी बघितलं. चाकावरून एक रांग वर चढत होती, मडगार्डवरून दारावर जात होती, आणि दारावर पोचल्यावर पसरून चौकोनात बसत होती. चहाच्या ट्रेपेक्षा थोडा मोठा चौकोन. कडा मात्र आता अगदी सरळ होत्या.

कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं, म्हणून मी म्हणालो, "जुन्या असतील."

"काय जुन्या असतील?"

"मुंग्या. एकतीस वर्षांपूर्वीच्या." (हो, असं मी बोललो. बायको हे सगळ्यांना सांगते आणि ते खरं आहे.)

बाईनं माझ्याकडे एकदा बघितलं, मग लॉरीभोवती पुन्हा एक फेरी मारली. बाकी कुठे एकही मुंगी नव्हती. मग तिची नजर शेजारच्या ट्रॅक्टरवर गेली. तो पुढच्या जाळीपासून मागच्या दिव्यापर्यंत काळा झाला होता आणि अंगभर हलत होता. मफलरवाले काका त्याला पेपरनं वारा घालत होते.

"तुमच्याकडे नंतर येते," बाई त्यांना म्हणाली. मग सासऱ्यांकडे वळली. "या दाराला कुणी हात लावलाय?"

"कुणी नाही," सासरे म्हणाले. "एकतीस वर्षांत कुणी नाही. उन्हानं आल्या असतील मुंग्या. मी शब्द देतो तुम्हाला."

हे फार वाईट झालं. मला वाटत होतं, ते म्हणतील माहीत नाही, किंवा बघू या. पण त्यांनी शब्द दिला. या माणसानं उभ्या आयुष्यात लोकांचं सामान वाहिलं आणि कुणाची एक वाटी फुटू दिली नाही, असं सगळा गाव सांगतो. आणि आता मैदानात चार लोकांसमोर त्यांचा शब्द माझ्या साखरेच्या पाण्यावर उभा होता. मला स्वतःची फार लाज वाटली. बायको माझ्याकडे बघत नव्हती. खरं बोला असं ती मला सांगणारही नव्हती, हे मला कळलं, ते माझ्यावर सोडलं होतं.

"मी हात लावला," मी म्हणालो. "मी पुसली. मग भ्यालो, आणि परत लावली. बाबांना यातलं काही माहीत नाही."

सासरे माझ्याकडे वळले. मी शिव्यांची वाट बघत होतो. मला शिव्या चालल्या असत्या.

"काय पुसलंत?" त्यांनी विचारलं.

"दार. खाली काहीतरी लिहिलंय. मला वाचायचं होतं."

"काय लिहिलंय?"

त्यांचा आवाज एकदम बारीक झाला होता. "‘मालक व मा’," मी म्हणालो. "तेवढंच झालं, मग ही आली."

सासरे लॉरीच्या पायरीवर बसले. गुडघ्यांमुळे एरवी ते धरून धरून बसतात, आता काही न धरता बसले.

"म्हणजे आहे ते अजून," ते म्हणाले.

मग तेच सांगायला लागले, कुणाकडे न बघता. लॉरी नवी घेतली तेव्हा त्यांनी दारावर ‘मालक’ लिहिलं होतं. सासूबाई म्हणाल्या, हप्ते मीही भरतेय शिलाई करून, दोघांचं लिहा. हे म्हणाले, जागा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतात तर सासूबाईंनी ब्रश घेऊन जागा काढली होती. सासूबाई जाऊन नऊ वर्षं झाली. (मला त्यांच्याबद्दल खूप सांगता येईल, त्या मला मूर्ख समजायच्या आणि तरी दुसऱ्यांदा वाढायच्या.)

"त्या अंगाला शेडमध्ये पाणी झिरपायचं," सासरे म्हणाले. "पत्रा गंजला असेल, अक्षर गेलं असेल असं धरून चाललो होतो. पुसून बघायची छाती झाली नाही. खाली काही नसतंच तर?"

मग त्यांनी माझ्यापुढे हात केला. "रुमाल द्या."

"आजोबा, थांबा जरा," परीक्षकबाई म्हणाली. तिचा आवाज मऊ झाला होता, पण शब्द नोकरीतलेच होते. "जेवढं यांनी पुसलं त्याचं काय करायचं ते मी बघीन. पण मालकानं स्वतः माझ्यासमोर पुसलं, तर मला गाडी वर्गातून बाद करावी लागेल."

"बाबा," बायको म्हणाली. "उद्या सोमवार आहे."

"माहितेय मला," सासरे म्हणाले. "करा बाद."

त्यांनी आधी रुमालानं मुंग्या अलगद झटकल्या, एकही चिरडली नाही. माझ्या चौकोनावरची धूळ काढली, मग पुढे गेले. ‘ल’ निघाला. ‘की’ निघाला. आणि अगदी दाराच्या कडेला, जागा संपल्यामुळे उभा दाबून बसवलेला, खालच्या बाजूला घसरलेला ‘ण’. ‘मालक व मालकीण’. पहिला शब्द रंगाऱ्यासारखा घोटीव, पुढचं सगळं घाईघाईत, हसत हसत काढल्यासारखं. सासरे त्या ‘ण’ वर अंगठा ठेवून उभे राहिले. बायकोनं आईचं अक्षर ओळखलं आणि मग तिचं रडणं थांबेना. मीही रडलो असतो, पण रुमाल सासऱ्यांकडे होता.

बाईनं कागदावर एक रेघ मारली. "बाद," ती म्हणाली, आणि नाक पुसलं. मग संग्रहालयाच्या गृहस्थांना म्हणाली, "पण एक लिहून देते. हे दार सोडलं तर बाकीच्या गाडीवरची धूळ शंभर टक्के खरी आहे. मुंग्यांनी तपासलीय."

तोपर्यंत हे गृहस्थ एक अक्षर बोलले नव्हते. आता त्यांनी वही मिटली.

"वर्ग तुमचा," ते बाईंना म्हणाले, "पण हॉल माझा आहे. धूळ मला माझ्या तळघरातही मिळते. मी हे दार नेतोय." मग सासऱ्यांकडे बघून म्हणाले, "बाकीची लॉरीही दाराला जोडलेली आहे, तेव्हा ती बरोबर येऊ द्या."

सोमवारी सकाळी भंगारवाला आला तेव्हा शेडमध्ये फक्त चार चाकांचे ठसे होते. सासरे आमच्याकडे तिसऱ्या मजल्यावर आले. दर रविवारी ते संग्रहालयात जातात, डाव्या दारासमोरच्या बाकावर तासभर बसतात, आणि परत येताना खुशीत असतात. माझ्यावर ते एकदाही रागावले नाहीत. उलट परवा शेजाऱ्यांना म्हणाले की जावयाला गप्प बसवत नाही ते एकदा तरी उपयोगी पडलं.

हॉलच्या उद्घाटनाला आम्ही सगळे गेलो होतो. लॉरी दिव्याखाली उभी होती, घरटं, जाळी, धूळ, सगळं जागच्या जागी. डाव्या दारासमोर छोटी पाटी होती. संग्रहालयाचे गृहस्थ शिस्तीचे निघाले. त्यांनी दारावरच्या अक्षरांचं चित्र काढून दुसऱ्या ‘मा’ नंतर एक तांबडी रेघ ओढली होती. रेघेच्या अलीकडे लिहिलं होतं, ‘नुकसान : जावई’. रेघेच्या पलीकडे, ‘जतन : मालक’.

मी रेकॉर्डचा माणूस आहे. चुकीची नोंद मला सहन होत नाही. एकच दार, एकच रुमाल, घासायची पद्धतही तीच, आणि अर्ध्या दारावर नुकसान अन् अर्ध्या दारावर जतन? शिवाय मी पुसलं नसतं तर पुढचं कुणी पुसलंच नसतं. मी दोन पानी अर्ज केला, मुद्दे घातले, प्रत स्वतःकडे ठेवली आणि नोंदीत योग्य ती दुरुस्ती व्हावी अशी विनंती केली. आठ दिवसांत उत्तर आलं की अर्जाची दखल घेऊन पाटी बदलण्यात आली आहे. मी बायकोला ते पत्र दोनदा वाचून दाखवलं.

रविवारी आम्ही गेलो तेव्हा पाटीसमोर ही गर्दी. लोक लॉरी सोडून पाटी वाचत होते आणि एकमेकांना कोपरानं ढोसत होते. मी वाट काढत पुढे गेलो. पाटी खरोखरच नवी होती. तांबडी रेघ तिथेच, ‘नुकसान : जावई’ तसंच, फक्त त्याच्या खाली कंसात एक ओळ वाढली होती.

(जावयाला हे मान्य नाही.)